परतीचं पेट्रोल: स्नोमोबिलवर लादलेल्या जादा डब्याची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याला निघालेली स्नोमोबिल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटरगाडी, मागून पाहिली की आधी डबेच नजरेत भरतात. सीटच्या मागे, फिरत्या पट्ट्यावरच्या ॲल्युमिनियमच्या खोक्याला चालवणारे 'टनेल' म्हणतात. त्यावर लाल प्लॅस्टिकचा चपटा कॅन घट्ट बसवलेला असतो, आणि मागे स्लेज, म्हणजे बर्फावर घसरत ओढली जाणारी गाडी, जोडली असेल तर तिच्यात आणखी दोन-चार. गाडीची स्वतःची टाकी साधारण ४० लिटरची. दाबून सपाट केलेल्या वाटेवर तेवढ्यात २०० किलोमीटर निघतात. गुडघाभर ताज्या बर्फात मात्र गाडी पळत नाही, पोहते, आणि हा आकडा निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली. त्यात लोक हिशेब करतात तो जाण्याचा. सकाळी गोठून कडक झालेली वाट दुपारी मऊ पडली, की परतीचा प्रवास जाण्यापेक्षा महाग होतो.

ही अडचण इंजिनासोबतच आली, तिच्या आधी ती नव्हती. आर्क्टिकमध्ये कुत्र्यांची गाडी हाकणाऱ्या शिकाऱ्यालाही खाद्य न्यावं लागे, पण ते संपलं तर वाटेत सील मिळण्याची, बर्फाला भोक पाडून मासा काढण्याची शक्यता असे. युरोपच्या उत्तर टोकाच्या लॅपलँडमधला रेनडियर तर बर्फ उकरून स्वतःच दगडफूल खातो. पेट्रोल असं जमिनीतून उकरून मिळत नाही. ते सोबत न्या, आधी पुढे नेऊन ठेवा, विमानातून टाकून घ्या किंवा वाटेत कुणीतरी विकत ठेवावं. गेल्या शंभर वर्षांत या चारांपलीकडे पाचवा मार्ग कुणाला सापडलेला नाही.

'आधी पुढे नेऊन ठेवा' हा मार्ग किती दगा देऊ शकतो, हे स्नोमोबिल जन्मायच्या आधीच दिसलं होतं. दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या ब्रिटिश रॉबर्ट फाल्कन स्कॉटने अंटार्क्टिकावर १९११ मध्ये तीन मोटर-स्लेज नेल्या. त्यातली एक जहाजातून उतरवतानाच समुद्रावरच्या बर्फातून खाली गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंजिनं निकामी होऊन वाटेत सोडून द्याव्या लागल्या. खरा घात मात्र झाला डब्यांचा. परतीच्या वाटेवर ठिकठिकाणी पुरून ठेवलेले, स्टोव्हसाठीच्या रॉकेलचे डबे स्कॉटच्या तुकडीला अपेक्षेपेक्षा रिकामे मिळाले. झाकणांना चामड्याच्या चकत्या होत्या. थंडीत आणि उन्हात त्या सुकल्या, आकसल्या आणि तेल हळूहळू निसटलं. स्टोव्ह पेटला नाही तर बर्फ वितळत नाही, म्हणजे प्यायला पाणीही नाही. अशाच डब्यांचा त्रास स्कॉटचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी रोआल्ड आमुंडसेनने आधीच्या उत्तरेकडच्या सफरीत अनुभवला होता, म्हणून त्याने दक्षिणेला जाताना डब्यांची तोंडं डाख देऊन बंद करून नेली. दोघांच्या मोहिमांवर ढीगभर लिहिलं गेलंय, ध्येय, नेतृत्व, कुत्रे विरुद्ध घोडे वगैरे. मला त्यात झाकणाची ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

स्नोमोबिलची वंशावळ थोडक्यात सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल इलायसनने १९२४ मध्ये बोटीचं छोटं इंजिन बसवून मोटर टोबोगन, म्हणजे इंजिनावर चालणारी घसरगाडी, बनवली. कॅनडात क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिएने १९३७ मध्ये आपल्या दातेरी चाक-पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं. त्याआधी १९३४ च्या हिवाळ्यात, रस्ते बंद असल्यामुळे दवाखान्यात नेता न आलेला त्याचा दोन वर्षांचा मुलगा दगावला होता. या पहिल्या गाड्या म्हणजे खरं तर बर्फावरच्या बसगाड्या होत्या. त्यातल्या बी-१२ नावाच्या गाडीत डझनभर माणसं बसत. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं अशी त्यांची कामं, आणि अंतरं गावापासून गावापर्यंतची. जादा पेट्रोलचा विचार कुणाला करावा लागला नाही.

चित्र बदललं ते गाडी लहान झाल्यावर. १९५९ मध्ये बॉम्बार्डिएची स्की-डू आली, एका-दोघांना नेणारी आणि हलकी. सुरुवातीच्या एका गाडीवर उत्तर ओंटारिओतल्या लॅन्सडाउन हाउसचे मिशनरी फादर मोरीस विमे फिरू लागले. जिथे कुत्र्यांशिवाय काही पोचत नव्हतं तिथे हे यंत्र पोचलं, आणि त्याचबरोबर पेट्रोलच्या दुकानापासून लांबही गेलं. मिनेसोटातल्या रोझो गावच्या पोलारिस कंपनीचा एडगर हेटीन तर १९६० च्या मार्चमध्ये अलास्कात बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत, हजार मैलांहून जास्त अंतर, स्नोमोबिलवर गेला. बर्फावरचं हे यंत्र खेळणं नाही, यावर प्रवास होतो, हे त्याला दाखवायचं होतं. सफर पार पडली, पण परतल्यावर सहकाऱ्यांशी बिनसलं. त्याने पोलारिस सोडली आणि पुढे आर्क्टिक कॅट नावाने ओळखली जाणारी कंपनी उभी केली.

आणि मग राल्फ प्लेस्टेड. मिनेसोटाचा विमा विकणारा माणूस, ध्रुवीय प्रवासाचा पूर्वानुभव शून्य. १९६७ चा त्याचा पहिला प्रयत्न फसला. १९६८ मध्ये ७ मार्चला कॅनडाच्या उत्तर टोकाच्या वॉर्ड हंट बेटावरून तो पुन्हा निघाला आणि ४३ दिवसांनी, १९ एप्रिलला, तिघा सोबत्यांसह उत्तर ध्रुवावर पोचला. सोबत्यांत बॉम्बार्डिएचा पुतण्या झाँ-ल्यूकही होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्यांची जागा पक्की केली. बर्फावरून ध्रुव गाठल्याचा निर्विवाद पुरावा असलेली पहिली मोहीम म्हणून तिला मान मिळतो. पेट्रोलचं काय? तुटलेल्या, सरकत्या बर्फावर वळसे घेत सरळ अंतराच्या जवळपास दुप्पट अंतर काटावं लागलं. तेवढं पेट्रोल त्या छोट्या स्की-डूंवर मावणं शक्य नव्हतं. अनुभवी वैमानिक वेल्डी फिप्स यांच्या विमानातून रसद येत राहिली. परत यायला तर पेट्रोल लागलंच नाही, ध्रुवावरून सगळे विमानाने परतले. कौतुकात कमतरता करायची नाही, पण परतीचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, टाळला.

जमिनीवरच्या माणसाला विमान परवडत नाही. त्याच्या हातात डबा, आणि तो डबा युद्धातून आला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सैन्यासाठी २० लिटरचा एक कॅन तयार झाला. पत्र्याची दोन अर्धुकं दाबून आकार दिलेली आणि मधोमध वेल्डिंग केलेली. वर तीन मुठी, म्हणजे भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो आणि रिकामे दोन-दोन एका हातात धरता येतात. तोंडाला आट्यांचं झाकण नाही, खटक्याने दाबून बसणारं. आत हवेची छोटी नळी, म्हणून ओतताना घळघळ करत उसळत नाही. वरच्या कुबडात थोडी हवा कायम राहते. तेल गरम होऊन फुगलं तरी जागा आहे, आणि डबा पाण्यात पडला तर भरलेला असूनही तरंगतो. बाजूंवरची खोल नक्षी दिसायला शोभेची, पण काम तिचंही तेच, पत्र्याला फुगायला-आकसायला वाव देणं.

उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांकडे याच्या तोडीला ४ गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे होते, ज्यांना त्यांचेच सैनिक 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, म्हणत. ते इतके गळत की चहा उकळायची शेगडी म्हणून त्यांचा जास्त चांगला उपयोग होई. पकडलेले जर्मन डबे हाती लागल्यावर ब्रिटिशांनी जपून वापरले आणि पुढे तसेच स्वतः बनवले. जर्मनांना टोपणनाव 'जेरी', म्हणून डबा 'जेरीकॅन'. अमेरिकेत तो पोचला पॉल प्लाइस नावाच्या अभियंत्यामुळे. १९३९ मध्ये बर्लिनहून एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने भारताकडे येताना त्यांनी पाण्यासाठी असे तीन डबे गाडीखाली बसवले होते. वाटेत सहकाऱ्याला जर्मनीत परत बोलावलं गेलं, पण जाण्यापूर्वी त्याने डब्याचा सगळा तपशील प्लाइसला दिला. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला. मायदेशी लष्कराने आधी त्याला दाद दिली नाही. नंतर नक्कल केली तीही सुधारणेच्या नावाखाली बिघडवून: वेल्डिंगऐवजी दुमडलेला सांधा, खटक्याऐवजी आट्यांचं झाकण.

वाळवंटासाठी जे साधलं तेच बर्फाला हवं होतं. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. उणे ३० अंशांत काठोकाठ भरलेला २० लिटरचा कॅन २० अंशांच्या उबदार शेडमध्ये आणून ठेवला, तर जवळजवळ एक लिटर पेट्रोल जागा शोधू लागतं. जागा नसेल तर झाकणातून येतं. आणखी एक गैरसमज हमखास आढळतो, इतक्या थंडीत पेट्रोल काय पेटणार! पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. हवा कोरडी असल्याने स्थिर विजेची ठिणगी उलट जास्त सहज पडते. म्हणून पंपावर कॅन भरायचा तो ट्रकच्या प्लॅस्टिक लावलेल्या हौद्यात नाही, खाली जमिनीवर ठेवून.

सुरुवातीच्या दिवसांत नुसतं पेट्रोल नेऊन भागत नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलातच मिसळून लागे, २० भाग पेट्रोलला १ भाग तेल अशा प्रमाणात. कडाक्याच्या थंडीत तेल मधासारखं दाट होतं आणि तळाशी बसतं. मग वाटेतलं दृश्य असं: कॅन दोन्ही हातांनी धरून हलवायचा, वारा पाठीवर घ्यायचा, गाळणी लावलेलं नरसाळं टाकीत खोचायचं आणि बर्फाचा भुगा आत जाऊ नये म्हणून अंगाने आडोसा करून ओतायचं. यात चार थेंब हातमोज्यावर सांडले तर सगळ्यात वाईट. उणे ३० अंशांतलं पेट्रोल गोठत नाही, द्रवच राहतं, कातडीला लागलं की झपाट्याने उडतं आणि उडताना उरलीसुरली ऊब घेऊन जातं. बोट क्षणात पांढरं पडतं. पुढे १९७० च्या दशकात तेलाची वेगळी टाकी आणि पंप रूढ होत गेला आणि मिसळण्याचं काम सुटलं. ओतण्याचं सुटलं नाही.

याच काळात सगळ्यात खोल बदल उत्तरेच्या लोकांत झाला. फिनिश लॅपलँडमधल्या, रेनडियर पाळणाऱ्या स्कोल्ट सामी या मूळ रहिवाशांकडे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्नोमोबिल आली, आणि दशक संपेपर्यंत कळप हाकण्याचं काम जवळपास सगळं यंत्रावर गेलं. स्लेज ओढणारे रेनडियर मागे पडले. काम वेगात होऊ लागलं, पण त्यासाठी आता रोख पैसे लागत आणि ते पेट्रोलात जात. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या, इन्यूटांच्या, वस्त्यांतही तेच. तिथे स्नोमोबिलच्या मागे कामुटिक जोडतात, लाकडी, लांबलचक, जुन्या कुत्र्यांच्या गाडीचीच बांधणी. तिच्यावर तंबू, बंदूक, स्टोव्ह आणि दोरीने करकचून बांधलेले कॅन. म्हणजे वाहन बदललं आणि जुनं वाहन नव्याची टाकी झालं.

नुसत्या गाडीवर कॅन बांधणाऱ्यांनी मात्र बरीच वर्षं कसरत केली. २० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो, आणि ते गाडीच्या शेपटीवर उंच बांधलं की पुढच्या स्की हलक्या होतात, वळण घेईनाशा होतात. खोल बर्फात मागचा भाग खड्डा करून बसतो. रबरी पट्ट्यांनी बांधलेला पत्र्याचा डबा हादऱ्यांनी टनेलवर घासत राहतो आणि शंभरेक किलोमीटरनंतर सांध्याला भोक पडतं. प्लॅस्टिकच्या कॅनने गंज आणि आवाज गेला, घासणं राहिलंच. त्यावरचा खरा उपाय उशिरा आला, गाडीच्याच मापाने बनवलेले, मधोमध खिळीने पक्के होणारे, एकावर एक बसणारे चपटे कॅन. रोटोपॅक्ससारख्या कंपन्यांनी ते लोकप्रिय केले आणि स्की-डूने टनेलवर लिंक नावाची स्वतःची अडकवण्याची सोय दिली. वजन खाली आलं, सीटला चिकटलं. गंमत म्हणजे इतकं साधं काहीतरी सुचायला पन्नास वर्षं लागली.

कायद्याने दुसऱ्या बाजूने हात घातला. कॅलिफोर्नियात २००१ पासून आणि अमेरिकाभर २००९ पासून कॅनमधून वाफ बाहेर पडू नये म्हणून नियम आले. वेगळं हवेचं भोक गेलं आणि हात काढला की आपोआप बंद होणारी नळी आली. हेतू चांगला होता. पण जाड हातमोजे घालून, वाऱ्यात, ती नळी टाकीच्या काठावर दाबून धरायची म्हणजे जे सांडू नये तेच सांडतं, अशी तक्रार पहिल्यापासून आहे आणि ती मला रास्त वाटते. २०२० च्या कायद्याने आग आत शिरू न देणारी जाळीही सक्तीची झाली. तिच्याबद्दल कुणी कुरकुर करू नये.

इंजिनं सुधारली तशी जादा पेट्रोलची गरज कमी व्हायला हवी होती. २००३ च्या यामाहा आरएक्स-१ पासून फोर-स्ट्रोकची लाट आली, मागोमाग थेट इंधन फवारणारी टू-स्ट्रोकही. आखलेल्या वाटांवर फरक पडलाही. क्वेबेकमध्ये ३०,००० किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा आहेत आणि त्यांच्या काठाने पंप, जेवणाची ठिकाणं. तिथे जादा कॅन नेणारा माणूस जरा घाबरटच समजला जातो. पण आखलेल्या वाटा सोडून डोंगरात जाणाऱ्यांनी ती बचत ताकदीत खर्च केली. मोठी इंजिनं, लांब पट्टे, जास्त खोल बर्फ. टाकी तेवढीच, पल्लाही फारसा वेगळा नाही.

कॅनडातल्या लॅब्राडोरमधल्या केन्स क्वेस्ट या स्नोमोबिल शर्यतीत, २००६ पासून, दोघादोघांच्या जोड्या ३,००० किलोमीटरच्या घरातलं अंतर कापतात, बराचसा भाग खुणांशिवायच्या रानातून, तेव्हा वजन आणि पल्ला यांचा तोच जुना हिशेब करतात. अलास्कातली आयर्न डॉग शर्यत त्याहून जुनी. १९८४ मध्ये बिग लेक ते नोम अशी सुरू झाली आणि आता २,००० मैलांच्या पुढे गेली आहे. तिच्या वाटेवरच्या अनेक खेड्यांना रस्ता नाही. तिथलं पेट्रोल उन्हाळ्यात, नद्या मोकळ्या असताना, पडावांतून येतं आणि मोठ्या टाक्यांत साठवलं जातं. फेब्रुवारीत शर्यतवाला धापा टाकत चौकीवर पोचतो आणि टाकीचं झाकण उघडतो, तेव्हा त्यात पडणारं पेट्रोल सहा-आठ महिने तिथे त्याची वाट पाहत असतं.