नळ फिरवता येतो का? संधिवातातलं अपंगत्व मोजण्याची पार्श्वभूमी

संधिवाताच्या रुग्णाच्या शरीरातली सूज ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या सांगतात, सांध्याची झीज एक्स-रेवर दिसते. पण सकाळी उठल्यावर कणीक मळता येते का, निऱ्या घालता येतात का, हे यातल्या कशातूनच कळत नाही. सीआरपी सारखाच असलेल्या दोघांपैकी एक जण मंडईतून भाजीची पिशवी घेऊन येतो आणि दुसऱ्याला नळही फिरवता येत नाही, असं सर्रास घडतं. हा फरक रुग्णाला विचारूनच कळतो. तो शिस्तीत कसा विचारायचा, हे ठरायला बराच काळ गेला.

सुरुवातीला ही नोंद डॉक्टरच करत. 1949 मध्ये स्टाइनब्रॉकर आणि सहकाऱ्यांनी चार वर्ग मांडले: पहिल्यात सगळी कामं सुरळीत करणारा, चौथ्यात जवळजवळ अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेला. वापरायला सोपी, पण फार ढोबळ विभागणी. बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात अडकतात आणि औषधाने बरीच सुधारणा झाली तरी वर्ग बदलत नाही. जोडीला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून, 20 किंवा 30 मिमी दाबापर्यंत फुगवून, रुग्णाला तो दाबायला लावून मुठीची ताकद मोजत; 50 फूट चालायला लागणारा वेळ घड्याळावर पाहत. आकडे नेमके, पण दवाखान्यातले. घरातल्या पायरीबद्दल ते काही सांगत नाहीत.

1980 मध्ये चित्र पालटलं. बोस्टनमध्ये रॉबर्ट मीनन यांच्या गटाने एम्स (आर्थ्रायटिस इम्पॅक्ट मेजरमेंट स्केल्स) ही मोजपट्टी आणली आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी एचएक्यू (हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. टिकली ती मुख्यतः दुसरी. तिच्यात 8 गटांत 20 प्रश्न आहेत: कपडे व केस, उठणं, खाणं, चालणं, स्वच्छता, हात पोचवणं, पकड आणि बाहेरची कामं. गेल्या आठवड्याचा विचार करून उत्तर द्यायचं. त्रास नाही 0, थोडा त्रास 1, खूप त्रास 2, अजिबात जमत नाही 3. प्रत्येक गटातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. काठी, वॉकर किंवा दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल, तर त्या गटाचा 0 किंवा 1 बदलून 2 करायचा. बेरजेला उत्तर मिळालेल्या गटांच्या संख्येने भागायचं. निदान 6 गट भरलेले हवेत. गटांचे आकडे 2, 1, 0, 1, 2, 1, 1, 2 आले तर बेरीज 10, गुण 1.25. साधारण 0.22 इतका फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका मानतात.

गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठी निकोलस बेलामी यांनी 1980 च्या दशकात वोमॅक ही प्रश्नावली तयार केली: वेदनेचे 5, आखडण्याचे 2 आणि हालचालींचे 17, असे 24 प्रश्न. 1993 मध्ये आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) औषधचाचण्यांसाठी अमेरिकेत सात मूलभूत मोजमापं ठरली, त्यांत शारीरिक क्षमतेला सांध्यांच्या सुजेइतकंच स्थान मिळालं.

आपल्याकडे मात्र हे प्रश्न जसेच्या तसे चालत नाहीत. मूळ एचएक्यू विचारते: टबमध्ये अंघोळ करता येते का, मांस कापता येतं का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का. पुण्यातल्या आजींकडून यांवर उत्तर मिळेल, पण त्यातून काहीच मोजलं जाणार नाही. उलट त्यांना खरी अडचण येते ती मांडी घालून जेवायला बसताना, भारतीय संडासात उकिडवं बसून उठताना, रिक्षात चढताना, आणि यांतलं मूळ प्रश्नावलीत काहीच नाही. गुडघे पार वाकत नाहीत ही गोष्ट खुर्ची-कमोडच्या घरात सहज झाकली जाते.

पुण्याचा या इतिहासातला वाटा इथून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कॉपकॉर्ड या, समाजातल्या सांध्या-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी करणाऱ्या उपक्रमात, 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. आधी दुखणं आहे का एवढंच विचारायचं, मग होकार देणाऱ्यांकडून सविस्तर प्रश्नावली भरायची, शेवटी तज्ज्ञाने तपासायचं. 4092 प्रौढांपैकी 746 जणांना सांध्या-स्नायूंची तक्रार होती, म्हणजे 18.2 टक्के, आमवात मात्र प्रौढांपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुखणाऱ्यांची संख्या आणि रोगाचं नाव लागणाऱ्यांची संख्या यांतली ही दरी पाहिली की कामातली अडचण वेगळी का मोजावी लागते ते पटतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने एचएक्यू आणि वोमॅकची भारतीय राहणीला जुळणारी रूपं आपल्या औषधचाचण्यांत वापरली. दिल्लीतल्या गटाने 2002 मध्ये 12 प्रश्नांची भारतीय एचएक्यू तपासून प्रसिद्ध केली. तिच्यात साडी-धोतर नेसणं, उकिडवं बसणं, भाजीबाजार करणं, 3 किलोमीटर चालणं असे प्रश्न आहेत.

चांगली प्रश्नावली हाती असूनही मोजमाप बिघडतं ते बहुधा विचारताना. प्रश्न ‘करता येतं का’ असा असतो; उत्तर ‘करावं लागत नाही, सूनबाई करतात’ असं येतं आणि भरणारा 0 लिहून मोकळा होतो. अशा वेळी ‘घरी कोणी नसेल तर जमेल का?’ असं पुन्हा विचारायला हवं. कधीच स्वयंपाक न केलेल्या गृहस्थांना लाटण्याचा प्रश्न विचारून उपयोग नाही; पकड पाहायची तर डब्याचं झाकण किंवा स्कूटरचा ब्रेक विचारावा. घरात सगळ्यांसाठीच कमोड असेल तर तो मदतीचं साधन म्हणून धरू नये. दुखण्यामुळे बसवून घेतला असेल तर जरूर धरावा. नातेवाईक शेजारी बसून उत्तरं देऊ लागले की गुण रुग्णाचे राहत नाहीत. आणि दर भेटीला तेच रूप वापरावं: 20 प्रश्नांचे गुण 12 प्रश्नांच्या गुणांशी ताडून सुधारणा झाली म्हणणं चूक आहे.

जीवनाची गुणवत्ता हा याहून वेगळा विषय. 1992 ची एसएफ-36 ही प्रश्नावली आठ अंगांनी 0 ते 100 गुण देते, आणि तिथे जास्त म्हणजे चांगलं, एचएक्यूच्या नेमकं उलट. तक्ता भरताना इथे हमखास गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ या प्रश्नावलीत 26 प्रश्न आहेत आणि त्यांत पैसा, घर, नाती, प्रवासाची सोय हेही येतं. म्हणून एचएक्यू 2 वरून 1 वर आली तरी हे गुण जागचे हलत नाहीत, असं होऊ शकतं. बोटं सैल झाली, पण सुटलेली नोकरी परत मिळाली नाही, किंवा बसची पायरी अजून उंचच आहे. अशा रुग्णाच्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. त्यांची सरासरी काढू नये.