‘औंदा बी उभा ऱ्हाशी का?’ : पडूनही दरवेळी फॉर्म भरणाऱ्यांची पार्श्वभूमी

विधानसभेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी प्रांत कचेरीत दुपारी दोननंतर गेलं पाहिजे. मोठ्या पक्षांची मंडळी मुहूर्त साधून, ढोलताशे वाजवून आधीच येऊन गेलेली असतात. शंभर मीटरवरच्या चुन्याच्या पट्टीपाशी गुलाल सांडलेला असतो. आता उरतात ते अपक्ष, तीनच्या ठोक्याला दार लागायच्या आत पोचण्याच्या गडबडीत. आमच्या तालुक्यातले एक आप्पा यातलेच, फक्त त्यांना गडबड नसते. त्यांच्या कापडी पिशवीत मतदारयादीची साक्षांकित प्रत, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या खात्याचं पासबुक आणि पसंतीच्या तीन चिन्हांची नावं असं सगळं क्रमाने लावलेलं असतं. पक्षाच्या वकिलांचे कागद त्रुटीसाठी परत येतात, आप्पांचे येत नाहीत. दारावरचा शिपाई दरवेळी विचारतो, “आप्पा, औंदा बी उभा ऱ्हाशी का?” आणि आप्पा म्हणतात, “मंग बशीसन काय करू?”

निवडणुकीच्या भाषेत ‘बसणं’ म्हणजे माघार घेणं, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही कळतं. आप्पा आजवर बसलेले नाहीत. निवडून येण्याचा तर प्रश्नच नाही.

अशा उमेदवारांची बातमी वर्तमानपत्रात चौकटीत येते, ‘हौशी अपक्षाची अनामत पुन्हा जप्त’ वगैरे. खरं तर त्यांच्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा कायद्याच्या पुस्तकात सापडतो. दार किती उघडं ठेवायचं यावर दिल्लीत वेळोवेळी जे ठरलं, त्यावर ही माणसं किती दिसणार हे ठरत गेलं.

सुरुवात वरून झाली, थेट राष्ट्रपतिपदापासून. पहिल्या काही निवडणुकांत त्या पदासाठी अर्ज भरणं अगदी सोपं होतं. चौधरी हरी राम यांनी 1952 मध्ये डॉ. राजेंद्र प्रसादांविरुद्ध उभं राहून 1,954 मतमूल्य (आमदार-खासदारांच्या मतांचं एकत्रित वजन) मिळवलं, 1957 मध्ये 2,672 आणि 1962 मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्यासमोर 6,341. आकडा वाढताच होता, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. 1967 मध्ये तर राष्ट्रपतिपदाला 17 उमेदवार झाले आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. मग 1974 मध्ये कायदा बदलला. राष्ट्रपतिपदासाठी 2,500 रुपये अनामत, दहा सूचक आणि दहा अनुमोदक आले. 1997 मध्ये ते 15,000 रुपये आणि पन्नास-पन्नास सह्यांवर गेलं. एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, आमदार होत आलेल्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा रिंगणात दोनच नावं होती. चाळीस वर्षांत सतरावरून दोन.

लोकसभा-विधानसभेचं दार मात्र बराच काळ सताड उघडं होतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेला 500 आणि विधानसभेला 250 रुपये अनामत ठेवली, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. त्या काळी 500 रुपये म्हणजे गंमत नव्हती. पण पुढची पंचेचाळीस वर्षं आकडा तिथेच राहिला आणि रुपया तेवढा खाली घसरत गेला. शेवटी शेवटी तर फॉर्म भरणं मोठी जाहिरात देण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. शिवाय एकाच वेळी कितीही मतदारसंघांतून उभं राहता येई, आणि सूचक एकच पुरे.

या मोकळिकीचा सगळ्यात मोठा मानकरी म्हणजे बरेलीचे कापड व्यापारी काका जोगिंदर सिंग, ‘धरतीपकड’. पैलवान पोटावर पडून माती अशी धरतो की कोणी त्याला चीत करू शकत नाही, तसं हे टोपणनाव. आखाडे पाहिलेल्या खान्देशी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. काकांनी तीनशेहून अधिक निवडणुका लढवल्या. जप्त झालेली अनामत ते देशाच्या तिजोरीतली आपली वर्गणी मानत. 1992 मध्ये ते राष्ट्रपतिपदालाही उभे होते. शंकर दयाळ शर्मांना 6,75,864, काकांना 1,135. त्याच वर्षी उपराष्ट्रपतिपदाला के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहिले तेव्हाचा निकाल 700 विरुद्ध 1 असा लागला. त्या अर्जाला पाच सूचक आणि पाच अनुमोदक, म्हणजे दहा खासदारांच्या सह्या लागत होत्या. दहांनी सही दिली आणि मत एकाने. राजकारण समजून घ्यायला मला हा एक निकाल पुरतो.

काकांसारखे इतरही होते. ओडिशातल्या बेरहामपूरचे श्यामबाबू सुबुद्धी 1962 पासून उभे राहत आले. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन टायर दुरुस्तीचं दुकान चालवतात. 1988 पासून त्यांनी दोनशेहून जास्त निवडणुका हरल्या आहेत आणि हरणं हाच आपला विक्रम मानतात. 2011 मध्ये घरच्या मतदारसंघात त्यांना 6,273 मतं पडली, ती त्यांची सर्वोच्च कामगिरी.

1996 साली मात्र सगळं उतू गेलं. लोकसभेच्या 543 जागांना 13,952 उमेदवार! तमिळनाडूत मोडक्कुरिची विधानसभेला शेतकऱ्यांनी निषेध म्हणून अर्ज भरले आणि उमेदवारांचा आकडा 1,033 वर गेला, मतपत्रिकेची पुस्तिका काढावी लागली. बेळगावला लोकसभेसाठी 456 उमेदवार होते, बहुतेक महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला उभे केलेले. यातले बहुतेक लोक नेहमीचे पडणारे नव्हते, पण त्यांच्यामुळे जो कायदा आला त्याचा फटका बसला तो नेहमीच्यांना. त्याच वर्षी अनामत लोकसभेला 10,000 आणि विधानसभेला 5,000 झाली. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागू लागले. दोनपेक्षा जास्त जागी उभं राहणं बंद झालं. अपक्षाचा मृत्यू झाला तरी मतदान थांबणार नाही हेही तेव्हाच पक्कं झालं. परिणाम लगेच दिसला. 1998 मध्ये देशभरात 4,750 उमेदवार उरले. पुढे 2010 पासून अनामत 25,000 आणि 10,000 झाली, ती आजही तीच आहे.

आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर 2024-25 च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, 7,521 रुपयांनी, विधानसभेचा फॉर्म म्हणजे सव्वा क्विंटलहून थोडा जास्त कापूस. खेडा खरेदीत व्यापारी जो भाव पाडतो त्याने धरला तर आणखी जास्त. आप्पांच्या घरच्यांचा राग या कापसापायी आहे, लोक हसतात म्हणून नाही.

पण पैशापेक्षा जड अट दहा सूचकांची आहे, असं माझं मत आहे. पैसे उसने मिळतात. स्वतःच्या मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून, आमदाराच्या माणसांना कळेल अशा कागदावर सही करणारी दहा माणसं मिळवायला वेगळी पत लागते. दहातला एक जरी त्या मतदारसंघाचा मतदार नाही असं निघालं की छाननीत अर्ज उडतो. आप्पांची दहा माणसं ठरलेली आहेत. त्यातली दोन वारली, तर त्यांच्या जागी त्यांची मुलं सही करतात.

खान्देशाचा नकाशाही इथे आडवा येतो. 2008 च्या पुनर्रचनेनंतर तिन्ही जिल्ह्यांत मिळून विधानसभेच्या वीस जागा आहेत: जळगाव अकरा, धुळे पाच, नंदुरबार चार. नंदुरबारच्या चारही, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा अनुसूचित जमातींसाठी राखीव, भुसावळ अनुसूचित जातींसाठी. म्हणजे खुल्या गटातल्या माणसाला बाराच जागा. लोकसभेच्या चारपैकी नंदुरबार राखीव. शहाद्याच्या एखाद्या गुजर शेतकऱ्याला आमदारकी लढवायची हौस आलीच, तर तापी ओलांडून शिंदखेड्याला जावं लागणार आणि सूचकही तिथलेच गाठावे लागणार. उलट नंदुरबारला लोकसभेचा प्रत्येक उमेदवार निम्म्या अनामतीत, 12,500 रुपयांत, उभा राहतो.

आणखी एक विनोद कायद्यातच आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर महाराष्ट्रात ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही. खासदारकीला अशी अट नाही. त्यामुळे गावात सदस्य व्हायला अपात्र ठरलेला माणूस थेट लोकसभेचा फॉर्म भरून मोकळा होतो, आणि पारावर बसलेले त्याला ‘दिल्लीवाला’ म्हणू लागतात.

‘अपक्ष’ हा शब्दच फसवा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेला जसे हौशे, नवशे आणि गवशे येतात, तसे या एका शब्दाखालीही तिघे येतात. गवशे माघारीच्या दिवशी ओळखू येतात. कोणाची तरी मतं खायला उभे केलेले, किंवा बसण्याची किंमत ठरवायला स्वतःच उभे राहिलेले. काही निव्वळ डमी, कारण प्रत्येक उमेदवारामागे गाडीचा परवाना मिळतो, मतदान केंद्रावर आणि मोजणीला प्रतिनिधी बसवता येतात. 2024 मध्ये शेजारच्या दिंडोरीत शरद पवार गटाच्या उमेदवाराशी आडनाव सारखं आणि चिन्ह पिपाणी असलेल्या अपक्षाने एक लाखाहून जास्त मतं घेतली. तिथे त्या गटाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि पिपाणी यांत मतदार गोंधळल्याची मोठी ओरड झाली.

आणि निवडून येणारे अपक्षही आहेत, तेही खान्देशात भरपूर. 1995 मध्ये राज्यात 45 अपक्ष आले आणि त्यांच्या टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं. अमळनेरला 2014 मध्ये शिरीष चौधरी अपक्ष आले. 2019 मध्ये साक्रीतून मंजुळा गावित, आणि मुक्ताईनगरला शिवसेनेतून बंड केलेले चंद्रकांत पाटील रोहिणी खडसेंविरुद्ध 1,957 मतांनी. ही मंडळी पक्षाची माणसं, कार्यकर्ते, गाड्या, सगळं घेऊन अपक्ष होतात. आप्पांसारख्यांना या निकालांनीच नाडलं. “साक्रीत अपक्ष येस ना? मंग?” असं म्हटलं की समोरच्याला चटकन उत्तर सुचत नाही. राज्यभराचा आकडा मात्र निष्ठुर आहे. 2024 च्या विधानसभेला 2,086 अपक्ष उभे होते, आले दोन.

अशांना कायमचं थांबवावं असंही सुचवलं गेलं. विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात अपक्षांना लोकसभा बंद करा म्हटलं, 2015 मध्ये 255 व्या अहवालात पुन्हा तेच. 2002 मध्ये न्या. वेंकटचलय्या आयोगाने तर थेट आप्पांवरच नेम धरला: एकाच पदासाठी लागोपाठ तीनदा पडलेल्या अपक्षाला त्या पदासाठी कायमचं अपात्र ठरवा. मला ही शिफारस भलतीच वाटते. पक्षाच्या तिकिटावर चारदा पडलेल्याला पाचव्यांदा तिकीट देण्याला कोणी हरकत घेत नाही. सुदैवाने तसा कायदा झाला नाही. गर्दीची अडचणही यंत्राने बरीचशी सोडवली. जुन्या ईव्हीएमवर जास्तीत जास्त 64 नावं बसत. 2019 मध्ये निजामाबादला 178 शेतकऱ्यांनी हळदीच्या भावासाठी फॉर्म भरले, एकूण 185 उमेदवार झाले, तरी बारा-बारा युनिटं जोडून मतदान यंत्रावरच पार पडलं.

मतपत्रिकेवर अपक्षांचा क्रम शेवटी असतो, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग हे, आणि सगळ्यांच्या खाली 2013 पासून आलेला ‘नोटा’. आप्पांना त्याचा मनस्वी राग आहे. त्यांच्या मते नोटा हा त्यांचाच हक्काचा मतदार पळवतो, तोही एक पैसा अनामत न भरता.

निकालानंतरची एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत दाखल करावा लागतो, नाहीतर तीन वर्षांसाठी अपात्र. निवडून आलेल्याचा हिशेब त्याचा सीए देतो. आप्पा स्वतः येतात. पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या पानांच्या त्या नोंदवहीत रिक्षाचं भाडं, दोनशे पत्रकं, चहा अशा नोंदी असतात आणि प्रत्येकीमागे पावती टाचलेली असते. मुदतीला पंधरा-वीस दिवस असतानाच ते वही टेबलावर ठेवतात आणि पोच घेतात. पोचेवर शिक्का उमटला नसेल तर पुन्हा मारून मागतात. मग बाहेर येऊन शिपायाला विचारतात, जिल्हा परिषदेची याद्यांची कामं सुरू झाली का.