जोकर बोलत का नाही?

सर्कशीतला जोकर तोंडातून शब्द न काढता हसवतो आणि मधूनच खुर्च्यांत घुसून कुणाची तरी टोपी पळवतो. या दोन खोड्यांचा एक जुना धागा एकाच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे बंदीत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या जत्रांत खेळ करणाऱ्यांना बोलायची मनाई झाली. संवादांवर सरकारमान्य नाटक कंपनीचा हक्क, गाण्यावर ऑपेराचा. मग नट मुकाट हातवारे करू लागले आणि डोक्यावरून पाटी खाली सुटू लागली. पाटीवर गाण्याच्या ओळी, चाल गल्लीतल्या पोरालाही पाठ. वाद्यं वाजली की ओळी प्रेक्षकच म्हणायचे. सुरुवात करून द्यायला आपली माणसं आधीच गर्दीत पेरलेली असत. नट गप्प, प्रेक्षक गातोय, तर पकडायचं कुणाला?

आपल्याकडे हसू शब्दांत राहिलं. 1853 मध्ये विष्णुदास भाव्यांची मंडळी ग्रँट रोडच्या नाटकगृहात उतरली, तेव्हा त्यांच्यासोबत विदूषक होता, पण तो बोलका. तमाशातला सोंगाड्याही बतावणीवरच जगणारा. समोरच्या रांगेतल्या पाहुण्याला टोमणा मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अर्थात मावशी कमरेवर हात ठेवून भुवई चढवते, तेव्हा वाक्य यायच्या आधीच हशा पिकलेला असतो. समीक्षकांनी कौतुक मात्र वाक्याचंच केलं!

मुका विनोद मुंबईत आला तो घोड्यांसोबत. च्यारिनी या इटालियनाची सर्कस इथे आली होती. ती पाहून ईर्ष्येला पेटलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. तंबूत चौफेर माणसं, बँडचा दणदणाट. त्यात संवाद ऐकू जाणार कुणाला? शिवाय खेळाला मराठी, गुजराती, कोकणी, उर्दू बोलणारे शेजारी शेजारी बसलेले. धोतर सावरत पळणारा माणूस कुठल्याही भाषेत धोतरच सावरतो.

जोकरचं खरं काम हसवण्याहून जास्त खोळंबा झाकण्याचं. वर झुल्याचे दोर आवळले जात असतात, खाली जाळी ताणली जात असते, आणि लोकांची नजर तिकडे जाता कामा नये. म्हणून तो एका बाजूला टाळ्या वाजवायला लावतो, कानामागे हात धरतो, नाक मुरडतो, दुसऱ्या बाजूकडे वळतो. इरेला पेटून दोन्हीकडचे हात लाल करून घेतात. टोपीवाला मात्र अजून बोडकाच बसलेला असतो. त्याची टोपी परत मिळते, ती जाळी पुरती ताणून झाल्यावर.