निधनवार्ता-सूची (सीमाभाग)

निधनवार्ता-सूची म्हणजे जुन्या पेपरांतल्या निधनवार्ता एकेक करून वाचायच्या आणि त्यातलं नाव, गाव, तारीख, पश्चात कोण कोण हे सगळं शोधता येईल अशा तक्त्यात भरायचं, हे काम. बहुतेक ठिकाणी हौशी लोक बिनपगारी करतात आणि उपयोग होतो वंशावळ लावत बसलेल्यांना. सीमाभाग म्हणजे इथं मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा पट्टा धरलाय. मृत्युलेख वेगळा. टिळकांनी १८९५ साली आगरकरांवर लिहिला तो मृत्युलेख, त्यात माणसाचं मोठेपण येतं. निधनवार्ता चार ओळींची असते आणि सूचीवाल्याला त्या चार ओळीच जास्त कामाच्या, कारण त्यात जावई, नातवंडं, माहेर-सासर सगळं आलेलं असतं.

या कामाचा उगम कुठला यावर मतं वेगवेगळी आहेत. एक धागा इंग्रजांचा: मुंबईत १८३८ साली बॉम्बे टाइम्स निघाला, त्याचाच १८६१ला टाइम्स ऑफ इंडिया झाला, त्यात जन्म-लग्न-मृत्यूच्या छोट्या जाहिराती यायच्या, आणि बेळगावात लष्करी छावणी असल्यामुळं इथं वारलेल्या गोऱ्या साहेबांची, मडमांची नावं तिकडच्या याद्यांत सापडतात. १९९८ला सुरू झालेल्या फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचे स्वयंसेवक असल्या नोंदी उतरवून काढतात. दुसरा धागा अमेरिकेचा, तिथं २०१४ साली फॅमिलीसर्च आणि जिनिऑलॉजीबँक या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळांनी मिळून पेपरांतल्या निधनवार्तांचा इंडेक्स करायला घेतला. एकच पान दोघांनी वेगवेगळं भरायचं आणि फरक पडला तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा, ही फॅमिलीसर्चची तेव्हाची पद्धत. तिसरा धागा घरचा, म्हणजे हेळवी. बैलावर बसून किंवा बैल घेऊन गावोगाव फिरणारे, वह्या बाळगणारे आणि अमक्याचा मुलगा तमका करत पिढ्या म्हणून दाखवणारे हे लोक उत्तर कर्नाटकात आणि कोल्हापूर-सांगलीकडं अजून ओळखीचे आहेत.

हेळवी या नावावरूनही वाद आहे. कन्नड ‘हेळु’ म्हणजे सांगणे, म्हणून सांगणारा तो हेळवी, असं पटकन सुचतं आणि लोक तसंच सांगतात, पण कन्नडात ‘हेळव’ म्हणजे लंगडा, पांगळा असा सरळ शब्द आहे आणि त्यातला ए ऱ्हस्व आहे, ‘हेळु’तला दीर्घ. देवनागरीत हा फरक दिसतच नाही म्हणून मराठी वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. मूळ पुरुष पांगळा होता म्हणून बैलावर बसला, अशी त्यांची कथाही आहे. ऱ्हस्व ए बघता दुसरी व्युत्पत्तीच जास्त बसते. तक्ता आणि कॉलम बाहेरून आले असतील, पण पिढ्या लिहून ठेवायची सवय इथं आधीपासून होती असं मानायला जागा आहे.

मूळ साहित्य म्हणजे अर्थातच पेपरच्या बांधीव फाईली. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ला सुरू केलेला तरुण भारत बेळगावचा, शिवाय कोल्हापूरकडून येणारे पेपर. जुनी पानं स्कॅन केली तरी शोध लागत नाही, कारण खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं मशीनला नीट वाचता येत नाहीत, आणि नंतरची संगणकावरची पानं श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात असल्यामुळं कॉपी केलं की भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून माणूसच लागतो.

तारखेचा घोळ सगळ्यात मोठा. बातमीत ‘काल’, ‘सोमवारी पहाटे’ असं असतं, मृत्यूची तारीख नसतेच, ती अंकाच्या तारखेवरून मोजायची. प्रस्तुत लेखकानं सुरुवातीला एक अख्खी फाईल अंकाचीच तारीख मृत्यूची म्हणून भरली होती, सगळी परत करावी लागली. जुन्या अंकांत तिथी येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे, म्हणजे शके १८७० फाल्गुन हा मार्च १९४९. पौष डिसेंबर-जानेवारी दोन्ही बाजूंना सांडतो, तिथं पंचांग बघितल्याशिवाय लिहू नये. नुसतं ‘सर्वधारी नाम संवत्सर’ असेल तर आणखी जपून, ते ६० वर्षांनी परत येतं, शके १८७० पण सर्वधारी आणि १९३० पण. मराठी आणि कानडी महिने मात्र दोन्हीकडं अमावस्येलाच संपतात, भाषेवरून कितीही भांडलो तरी पंचांगात भांडण नाही! प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीवरून मागं मोजताना तिथीचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं हे विसरलं की ११ दिवस चुकतात, आणि मधे अधिक महिना आला तर उलट दिशेनं १९-२० दिवस.

उपाध्या टाकून देऊ नयेत. ‘सौ.’ असेल तर नवरा मागं आहे, ‘गं. भा.’ असेल तर तो आधीच गेलाय, म्हणजे एका नोंदीत दोन मृत्यूंचा पत्ता. ‘वै.’ वरून वारकरी घर, ‘लिंगैक्य’वरून लिंगायत घर कळतं. ‘कै.’ मात्र सरसकट लावतात, त्यावरून काही ठरवू नये.

खरी अडचण एकाच माणसाच्या दोन रूपांची. पेपरात गंगूबाई, सातबाऱ्यासारख्या कागदावर गंगव्वा. बेळगाव, बेळगावी (२०१४ नंतर), निपाणी, निप्पाणी. १९५६ आधीच्या अंकातलं ‘चंदगड, जि. बेळगाव’ बघून नवशिके चूक समजून दुरुस्त करतात, पण ते तेव्हा बरोबरच होतं, चंदगड तालुका नंतर कोल्हापूर जिल्ह्यात गेला. शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानात, रायबाग १९४९पर्यंत कोल्हापूर संस्थानात, म्हणजे बेळगावला खेटून असलेल्या शहापूरच्या गल्लीतल्या माणसाचे कागद सांगलीच्या दप्तरात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार, ‘यांचें’, ‘नांव’, हेही शोधाच्या आड येतात. म्हणून जाणती मंडळी छापलंय तसंच एका कॉलमात ठेवतात आणि आजचं रूप शेजारच्या कॉलमात देतात, छापील कॉलमाला हात लावत नाहीत.

नात्यांचा कॉलमही इकडं साधा नाही. मामाच्या मुलीशी लग्न दोन्ही भाषांत चालतं, कानडी घरांत मामा-भाचीचंही. त्यामुळं मृताचा मेहुणा तोच जावई निघतो, आणि दोन नोंदींत तो दोन नात्यांनी येतो. एकच नातं भरायची सक्ती असलेले तयार तक्ते इथं उपयोगाचे नाहीत.

पश्चात यादीतली माणसं जिवंत असू शकतात, म्हणून अलीकडच्या अंकांची नावं सूचीत झाकून ठेवण्याचा प्रघात आहे.

बायकांच्या नोंदी कमी, आणि असल्या तरी ‘यांच्या मातोश्री’ एवढंच, स्वतःचं नाव नाही. शेतमजूर, विडी कामगार घरांतली निधनवार्ता जुन्या अंकांत क्वचितच दिसते, त्यांच्यासाठी गावचं मृत्यू रजिस्टर बघायचं.