समोर नक्की कोण आहे?

पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ असलेली साइट उघडली की पान दिसण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात टीएलएस या नियमावलीनुसार बोलणी होतात. २०१८च्या टीएलएस १.३मध्ये ती एकाच फेरीत उरकतात, १.२ला दोन फेऱ्या लागत.

दोघे आपापली एक गुप्त संख्या निवडतात आणि तिच्यावरून काढलेली दुसरी, उघड संख्या एकमेकांना पाठवतात. आपली गुप्त आणि समोरच्याची उघड संख्या मिळून दोन्हीकडे एकच किल्ली तयार होते. डिफी आणि हेलमन यांनी १९७६मध्ये मांडलेली ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते, कारण किल्ली वाटेवरून जातच नाही. पुढचा सगळा मजकूर तिच्यापासून काढलेल्या किल्ल्यांनी कुलूपबंद होतो. वाटेत एक बिट जरी बदलला तरी पडताळणी फसते आणि जोडणी तुटते.

हे गणित फोडण्याच्या फंदात हल्लेखोर सहसा पडत नाहीत. सर्व्हर असल्याचं सोंग घेऊन मध्ये उभं राहणं सोपं. म्हणून सर्व्हरला सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, दाखवावं लागतं. ब्राउझर त्यावरचं नाव, मुदत आणि सही देणारी संस्था तपासतो. सर्टिफिकेटची नक्कल कोणाकडेही असू शकते, त्यामुळे सर्व्हर झालेल्या बोलण्यांवर फक्त स्वतःकडेच असलेल्या खासगी किल्लीने सही करून ते आपलंच असल्याचं सिद्ध करतो. फोनची तारीख चुकली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदत संपलेलं दिसतं. इशारा आला की आधी तारीख पाहावी.

पण सही देणारी संस्थाच फोडली गेली तर? २०११मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटारचं तसंच झालं. तिच्या नावाने निघालेलं गूगलचं खोटं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. ब्राउझरांनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१४मध्ये भारत सरकारच्या एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) या संस्थेकडूनही गूगलची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. आता क्रोम नव्या सर्टिफिकेटची सार्वजनिक नोंदवह्यांत नोंद झाल्याचा पुरावा मागतो, त्यामुळे आपल्या नावावर कोणी सर्टिफिकेट काढलं तर साइटच्या मालकाला ते शोधता येतं.

मात्र सर्टिफिकेट पटवतं ते फक्त नाव. भामटाही स्वतःच्या साइटसाठी ते फुकट मिळवू शकतो. म्हणून पत्ता ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून डावीकडे वाचा: ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट को डॉट इन’च्या लगेच आधीचं नाव कोणाचं आहे ते पाहा. त्याच्याही डावीकडे बँकेचं नाव कोणीही लिहू शकतं.