डिम्फनाने मनोरुग्णांची सेवा केली नाही हो, ती जॉनने केली

दर 15 मेला, म्हणजे संत डिम्फनाच्या सणाला, तेच. कुणीतरी हातात तलवार घेतलेल्या मुलीचं चित्र टाकतं, खाली लिहितं "मनोरुग्णांच्या सेवेत आयुष्य घालवणारी संत डिम्फना", आणि खाली आमेनची रांग लागते. अरे, आयुष्य मिळालं कुठे तिला? कथेप्रमाणे पंधराव्या वर्षीच मारलं. सेवा करणारा तो दुसरा, सेंट जॉन ऑफ गॉड. मानसिक आजार असलेल्यांचे पालक संत (म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यांना त्यांचे राखणदार मानतात ते) म्हणून दोघांचंही नाव घेतात, तेवढ्यावरून लोकांनी दोघांची चरित्रं मिक्सरमधून काढलीयेत.

जॉन बऱ्याच जणांना माहीत असेल, ओल्ड गोव्यात त्याच्या नावाचं चर्च आणि कॉन्व्हेंट आहे, त्यामुळे भराभर सांगतो. 1495 ला पोर्तुगालमधे जन्म, आधी मेंढपाळ, मग सैनिक, मग स्पेनमधे ग्रनाडात पुस्तकं विकायचा. (पावसाळ्यात ज्याच्या नावाने विहिरीत उड्या मारतात तो सांव जुआंव हा नव्हे, तो बाप्तिस्मा देणारा. गंमत म्हणजे पाण्यात उडी ह्यानेही मारली, खेनिल नदीत, बुडणाऱ्या पोराला काढायला, आणि त्यातच आजारी पडून 1550 ला गेला.) एक प्रवचन ऐकून ह्याचं डोकं फिरलं, पुस्तकं फाडली, केस उपटले, रस्त्यात लोळला, तेव्हा लोकांनी धरून रॉयल हॉस्पिटलात नेऊन टाकला, आणि तिथला उपचार म्हणजे बांधून चाबकाने मारणं. सुटल्यावर त्याने स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि त्यासाठी टोपली घेऊन गल्लोगल्ली भीक मागत ओरडायचा, भावांनो, स्वतःचं भलं करून घ्या! इटलीत त्याच्या नावाच्या धर्मसंघाला फातेबेनेफ्रातेल्ली (भलं करा, भावांनो) म्हणतात ते ह्याच हाकेवरून. आणि 1549 ला त्याच रॉयल हॉस्पिटलला आग लागली तेव्हा हाच आत घुसून पेशंट बाहेर काढत होता.

आता डिम्फना. सातव्या शतकातली म्हणतात, पण गोष्ट कागदावर आली तेराव्या शतकात, म्हणजे सहाशे वर्षं नुसती तोंडोतोंडी. आयर्लंडच्या एका राजाची मुलगी. आई गेली, बाप दुःखाने भ्रमिष्ट झाला, बायको हवी तर तिच्यासारखीच, आणि तिच्यासारखी दिसत होती ती मुलगीच. ती म्हाताऱ्या पाद्र्याला सोबत घेऊन पळाली, आत्ताच्या बेल्जियममधल्या घेलपर्यंत पोचली, बाप माग काढत आला आणि स्वतःच्या हाताने तिचं डोकं उडवलं. झालं, संपली गोष्ट. घेलमधे तिने गोरगरिबांसाठी आसरा उभारला असं कुणी कुणी जोडतं, पण मनोरुग्णांची सेवा त्यातही नाही. अख्ख्या कथेत मानसिक आजार असलेला माणूस एकच, तिचा बाप, आणि तलवार त्याच्या हातात होती. तिला चित्रात तलवार देतात ती ह्या खुनाची खूण म्हणून. (जॉनच्या चित्रात डाळिंब असतं, कारण ग्रनाडा म्हणजेच डाळिंब. चित्रं ओळखायला एवढं बास.)

मग पालक संत कशी झाली? तर लोक आपल्या आजारी माणसांना तिच्या थडग्याशी आणायला लागले, आपल्याकडे बाधा उतरवायला नेतात तसंच. चर्चला लागून एक खोली होती, तिथे नऊ दिवस राहायचं. गर्दी वाढली, खोली पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी ह्या माणसांना आपापल्या घरी ठेवून घेतलं, आणि नऊ दिवसांसाठी आलेले काही जण जन्मभर राहिले, शेतात कामं केली, त्या घरची पोरं अंगाखांद्यावर खेळवली. त्यांना पेशंट नाही म्हणत, बोर्डर म्हणतात, म्हणजे घरात राहायला-जेवायला असलेला माणूस. 1930 च्या दशकात गावात साडेतीन हजारांच्या वर बोर्डर होते. आता बरेच कमी झालेत, पण पद्धत चालू आहे.

म्हणजे ती पोस्ट टाकायचीच असेल तर डिम्फनाला मेणबत्ती लावा, माझं काही म्हणणं नाही, फक्त सेवा घेलच्या बायाबापड्यांच्या नावावर टाका. तिथल्या एका घरातल्या बोर्डरला शर्टाची बटणं पिळून तोडायची सवय होती. घरातली बाई रोज रात्री ती परत शिवायची. बाहेरून बघायला आलेल्या कुणीतरी सुचवलं, मासे धरायच्या दोऱ्याने शिवा की, तुटणारच नाहीत. तर बाई म्हणाली, छे, असं कसं, त्याला तोडायला लागतात ना ती.