याहूची यादी आणि अल्टाव्हिस्टाचा कोळी

1997च्या नोव्हेंबरमध्ये त्या वेळच्या चार आघाडीच्या व्यावसायिक सर्च इंजिनांना त्यांचंच नाव टाकून शोध घ्यायला लावला, तेव्हा पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचं पान दाखवणारं इंजिन एकच निघालं. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या, नंतर गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998च्या शोधनिबंधात ही नोंद करून ठेवली आहे. याच काळात याहूच्या कचेरीत मात्र माणसं एकेक वेबसाइट उघडत होती, वाचत होती आणि योग्य विभागात लावत होती.

पुढे गूगल आलं आणि यंत्रांनी माणसांवर मात केली, असं या इतिहासाचं सार नेहमी सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. दोन्ही पद्धती आतून कशा चालायच्या हे पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं.

याहूची सुरुवात 1994 साली झाली. जेरी यँग आणि डेव्हिड फिलो हे स्टॅनफर्डचे विद्यार्थी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटची यादी करत होते. यादी हाताबाहेर वाढायला लागली तेव्हा तिचे विभाग पडले, विभागांचे उपविभाग झाले. 1995मध्ये कंपनी उभी राहिल्यावर श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे ही सगळी मांडणी आली. त्याआधी त्या 'साइक' या प्रकल्पात होत्या, म्हणजे संगणकाला व्यवहारज्ञान शिकवण्याच्या खटाटोपात. जगातल्या गोष्टी कोणत्या खणात बसतात, हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

याहूच्या मुखपृष्ठावर 14 मुख्य विभाग असायचे: कला, व्यापार, शिक्षण, आरोग्य, विज्ञान वगैरे. खरी अडचण त्यानंतर सुरू व्हायची. पुण्याच्या गणेशोत्सवावर कोणी वेबसाइट केली, तर ती धर्मात घालायची, संस्कृतीत, की भारताच्या प्रादेशिक विभागात? याहूने यावर साधा तोडगा काढला होता. एखाद्या उपविभागाचं मूळ घर दुसरीकडे असेल, तर त्याच्या नावापुढे '@' हे चिन्ह लागायचं आणि तिथे टिचकी मारली की वाचक मूळ जागी पोचायचा. झाडाच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाणारे असे असंख्य दुवे तयार झाले. ज्ञानाची विभागणी एकाच झाडात बसत नाही, हे त्या '@' चिन्हांच्या गर्दीतच दिसत होतं.

याहूच्या या विभागवार यादीची, म्हणजे डिरेक्टरीची, दुसरी मर्यादा अधिक मोठी होती. तिच्यात नोंद वेबसाइटची व्हायची, आतल्या पानांची नाही. नाव, एक ओळीचं वर्णन आणि विभाग एवढंच तिला ठाऊक असायचं. तुमचं उत्तर साइटच्या चाळिसाव्या पानावर असेल, तर तिला त्याचा पत्ताच नसायचा.

ते चाळिसावं पान यंत्राला सापडायचं. डिसेंबर 1995मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा खुलं केलं. लुई मोनिए यांनी लिहिलेला 'स्कूटर' हा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंक धरून पुढच्या पानावर जायचा. अशा प्रोग्रॅमला कोळी म्हणतात. आणलेल्या मजकुराची अनुक्रमणिका करण्याचं काम माइक बरोज यांच्या प्रोग्रॅमचं. ही अनुक्रमणिका उलटी असते. पानावर कोणते शब्द आहेत याऐवजी, प्रत्येक शब्द कोणकोणत्या पानांवर आणि तिथे कितव्या जागी आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. 'हळद' आणि 'निर्यात' हे दोन शब्द शोधले, तर यंत्र दोन याद्या काढतं आणि दोन्हींत असलेली पानं उचलतं. एकही पान नव्याने वाचावं लागत नाही. उत्तर क्षणात मिळतं ते म्हणूनच. शब्दाची जागाही नोंदलेली असल्यामुळे अवतरणचिन्हांत अख्खं वाक्य शोधता यायचं, किंवा दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असलेली पानं मागता यायची. मला आजही ही रचना विलक्षण देखणी वाटते.

पण सापडलेल्या हजारो पानांतलं आधी कोणतं दाखवायचं? शब्द किती वेळा आला, शीर्षकात आला का, असे निकष होते आणि ते फसवणं सोपं होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहिला की माणसाला काही दिसत नसे, यंत्र मात्र प्रभावित व्हायचं.

मराठी पानांच्या बाबतीत तर कोळी जवळजवळ आंधळाच होता. तेव्हा मराठी वेबसाइट आपापले फॉन्ट वापरत. फाइलमध्ये साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असला तरच त्यांच्या जागी देवनागरी दिसायची. एका फॉन्टमधला 'पाऊस' आणि दुसऱ्या फॉन्टमधला 'पाऊस' ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी, निरर्थक अक्षरजुळणी होती. युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून होती, पण सर्वसाधारण संगणकांवर ती विंडोज 2000नंतरच हळूहळू रुजली. तोवर असं पान शोधणाऱ्याच्या हाती लागायचं ते कोणीतरी ते वाचून, त्याचं इंग्रजीत वर्णन करून यादीत घातलं असेल तरच. छोट्या भाषांसाठी डिरेक्टरीने केलेलं हे काम इतिहासात फारसं नोंदलं जात नाही, याची मला खंत वाटते.

पेज आणि ब्रिन यांनी क्रमाचा प्रश्न लिंकांवरून सोडवला. एखाद्या पानाकडे किती लिंक येतात आणि त्या देणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्याचं महत्त्व ठरवायचं; या गुणाला त्यांनी 'पेजरँक' म्हटलं. शिवाय लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते, ते शब्द ज्या पानाकडे लिंक जाते त्याच्या खात्यावर जमा करायचे. आता यातली प्रत्येक लिंक कोणी दिली होती? त्या काळात बहुतेक वेळा माणसानेच, ते पान पाहून, दुसऱ्याला दाखवण्याजोगं वाटलं म्हणून. याहूच्या संपादकांचं कामही तेच होतं. त्यांच्या यादीतली नोंद हीसुद्धा लिंकच, आणि तीही वजनदार पानावरची. गूगलच्या गणितात हा मानवी निवाडा कच्चा माल म्हणून वापरला जात होता.

हे नातं गूगलने एकदा उघडपणे जोडलंही होतं. 1998मध्ये सुरू झालेल्या 'डीमॉझ' या डिरेक्टरीचे संपादक स्वयंसेवक होते आणि तिची माहिती कोणालाही घेता यायची. 2000 साली गूगलने तीच यादी घेऊन स्वतःची डिरेक्टरी काढली. विभाग स्वयंसेवकांनी पाडलेले होते, पण प्रत्येक विभागातल्या साइट वर्णानुक्रमाऐवजी पेजरँकनुसार लावलेल्या असत आणि शेजारी त्या गुणाची लहानशी हिरवी पट्टी दिसे.

2011मध्ये गूगलने ती बंद केली. याहूची डिरेक्टरी 2014च्या अखेरीस गेली, डीमॉझ 17 मार्च 2017ला. डीमॉझच्या जुन्या संपादकांनी मात्र काम सोडलं नाही. 'कर्ली' या नावाने त्यांनी तीच यादी पुढे चालू ठेवली.